दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द: गोल कंसवाल्या मेसेजला उत्तर

"इंग्रजी प्रबंध लिहिताना होणाऱ्या 5 चुका" असा एक मेसेज सध्या सांगली-मिरजेतल्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली हात जोडलेले आणि "दहा जणांना पाठवा". माझ्याकडे असलं काही आलं की मी वाचायच्या आधी पुसतो. पण हा गेला भाचीकडे. ती इंग्रजीत एम.ए. करतेय. मेसेज खरा मानून तिनं रातोरात फाइंड-रिप्लेस मारलं आणि प्रबंधातले सगळे चौकोनी कंस गोल करून टाकले. वर मलाच फोन, "मामा, आता कसं एकसारखं दिसतंय!"

मेसेजचं म्हणणं असं. चौकोनी कंस गणितातले, दुसऱ्याच्या अवतरणात आपला शब्द घालायचा तर गोल कंस वापरा. अर्थ तोच राहत असेल तर अवतरणातला शब्द न सांगता बदलला तरी चालतं. अवतरणातल्या चुकीपुढे लिहितात तो 'सिक' (sic) म्हणजे 'स्पेलिंग इनकरेक्ट'चं लघुरूप. गाळलेल्या मजकुराच्या जागी टिंबं कितीही द्या. अवतरणातले शब्द ठळक केले तर ते सांगत बसू नका. आणि शेवटी ठोकून दिलंय, "हे नियम ऑक्सफर्डने मंजूर केले आहेत."

पहिल्या मुद्द्यानं सगळ्यात जास्त वाटोळं केलंय, म्हणून आधी तोच. अहो, गोल कंस मूळ लेखकसुद्धा वापरतो! अवतरणचिन्हांच्या आत गोल कंस दिसला की वाचक तो मूळ लेखकाचाच समजणार, आणि तसंच समजायला हवं. आपण घातलेला शब्द वेगळा ओळखू यावा म्हणून तर चौकोनी कंस. तोच काढलात तर तुमचं वाक्य दुसऱ्याच्या नावावर चढतं.

आपल्याकडचंच घ्या. समजा, पुरानंतर पाटबंधारे खात्यातला एखादा अभियंता इंग्रजीत म्हणाला, "त्यामुळे पाणी उतरायला उशीर झाला." (सोयीसाठी मराठीत लिहितोय.) आता 'त्यामुळे' म्हणजे कशामुळे? बातमीदारानं आपल्या समजुतीप्रमाणे खुलासा घातला: "त्यामुळे [अलमट्टीमुळे] पाणी उतरायला उशीर झाला." इथं वाचकाला दिसतं की कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव बातमीदारानं घातलंय. कशावरून, असं तो विचारू शकतो. आता तेच गोल कंसात वाचा: "त्यामुळे (अलमट्टीमुळे) पाणी उतरायला उशीर झाला." झालं, अभियंत्यानं स्वतः अलमट्टीचं नाव घेतलं! 2005 आणि 2019 चं पाणी घरात आलेल्या गावात, जिथं अलमट्टीची पातळी 519 मीटरवरून 524 वर न्यायच्या नुसत्या विषयावर चहाच्या गाड्यावर हमरीतुमरी होते, तिथं हे काही बारीकसारीक प्रकरण नाही. तो बिचारा पुढचा आठवडा खुलासे करत फिरेल, आणि त्याच्या तोंडी नाव घालणारा मात्र म्हणेल, "कंसात तर टाकलं होतं."

भाचीच्या प्रबंधात नेमकं हेच झालंय. ज्या समीक्षकांची अवतरणं तिनं घेतलीत त्यांचे स्वतःचे गोल कंस आणि तिचे चौकोनीचे गोल झालेले कंस एकमेकांत मिसळलेत. आता उलटं फाइंड-रिप्लेस मारून ते सुटे होणार नाहीत. एकेक अवतरण मूळ पुस्तकाशी ताडून पाहायचं, दुसरा उपाय नाही.

आता गोल कंसाच्या बाजूनं जेवढं खरं आहे तेवढं सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी खाली येऊन सांगेलच. तुमचा शेरा अवतरण संपल्यावर, चिन्हाच्या बाहेर असेल तर गोल कंसच बरोबर. इंग्रजी विभागांत चालतं ते एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) या अमेरिकन संस्थेचं हँडबुकही 'सिक'बद्दल हेच सांगतं: चिन्हाच्या आत असेल तर चौकोनी, बाहेर असेल तर गोल. मराठी मासिकांत संपादक गोल कंसात खुलासा करतात हेही खरं, पण शेवटी '– सं.' अशी सही असते, म्हणून ते खपतं. आणि जुन्या बऱ्याच टाइपरायटरांवर चौकोनी कंसाची कळच नसायची. तरी नीट काम करणारे लोक जागा सोडून तो पेनानं काढायचे. आपल्याला फोनवर कीबोर्डचं दुसरं पान उघडायचा कंटाळा.

गुपचूप शब्द बदलण्याबद्दल काय बोलायचं? शब्द बदलायचेत तर अवतरणचिन्हं काढा आणि स्वतःच्या भाषेत सांगा. वाक्य जुळवायला पहिलं अक्षर मोठ्याचं लहान करायचं झालं तरी काटेकोर लिहिणारे तेवढं एक अक्षर चौकोनी कंसात घालतात.

'सिक' लॅटिन आहे, 'मुळातच असं आहे' एवढाच त्याचा अर्थ. लघुरूपाची गोष्ट कुणीतरी मागाहून रचलेली.

टिंबं तीन. वाक्य संपत असेल तर पूर्णविरामाचं एक वेगळं. एमएलएनं तर 1999 च्या पाचव्या आवृत्तीत ही टिंबंसुद्धा चौकोनी कंसात घालायला लावली होती. 2003 ला तो आग्रह सोडला, पण मूळ लेखकाची स्वतःची टिंबं त्याच वाक्यात असतील तर आपली अजूनही कंसात जातात. कारण तेच, कुणाची कुठली ते कळायला हवं.

ठळक केलं तर सांगायचं. मराठीत आपण '(ठळक ठसा माझा)' लिहितोच, इंग्रजीत वेगळं काही नाही.

राहता राहिलं ऑक्सफर्ड. तिथल्या विद्यापीठाच्या छापखान्याच्या होरेस हार्ट यांनी 1893 मध्ये आपल्या खिळे जुळवणाऱ्या कामगारांसाठी नियमांची पुस्तिका काढली. तिचाच आजचा अवतार म्हणजे 'न्यू हार्ट्स रूल्स'. त्यात स्पष्ट म्हटलंय की मूळ लेखकाखेरीज दुसऱ्या कुणी घातलेला खुलासा, दुरुस्ती किंवा भर चौकोनी कंसात जाते. यापेक्षा वेगळं काही ऑक्सफर्डनं मंजूर केलं असेल, तर मेसेज पाठवणाऱ्यांनी त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकावा. हात जोडायची गरज नाही.