एक तारीख बघायची होती हो फक्त!

डोकं फिरलंय आज. बाबा गेले, वारस दाखल्याचा अर्ज कोर्टात टाकलाय, पेपरात जाहीर नोटीस देऊन झाली, कोणाची हरकत आली नाही, आता आईचं शपथपत्र आणि ऑर्डर एवढंच राहिलंय. मला फक्त पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या, म्हणजे कोर्टांच्या सरकारी साईटवर बघायची होती.

सीएनआर नंबर टाका म्हणे, म्हणजे प्रत्येक केसचा वेगळा असा १६ अक्षरी नंबर. तो कोणी दिलाय आम्हाला? वकिलांनी चिठ्ठीवर ‘किरकोळ अर्ज’ आणि पुढे नंबर-वर्ष लिहून दिलंय, साईटवर किरकोळ अर्ज असं काही नाहीच, केस टाइपच्या यादीत इंग्रजी शॉर्टफॉर्मची ही मोठी रांग, त्यातला आपला कुठला ते वकिलालाच कळणार आणि वकील फोन उचलत नाहीत. मग म्हटलं नावाने शोधू. आईच्या नावात मधे बाबांचं नाव, ज्ञानेश्वर. आता ते डी-एन-वाय ने लिहिलंय का जी-वाय-ए ने का जे-एन ने ते टाईप करणाऱ्यालाच ठाऊक! अर्ज मराठीत, शपथपत्र मराठीत, आणि शोधायचं मात्र इंग्रजी स्पेलिंग ओळखून. स्पेलिंग चुकलं की कॅप्चा परत, तोही असा वेडावाकडा की शून्य का ओ कळत नाही. रात्री साडेअकराला एकदाची केस सापडली, तारीख दिसली, मी आईला सांगितलं, हो उद्याच आहे.

आईचं वय ६८, गुडघे गेलेत, सकाळी सहाची एसटी धरून आम्ही गेलो, माझी एक रजा गेली. कोर्टाच्या दाराला सेलोटेपने कागद चिकटवलेला, साहेब रजेवर. खाली सहीची तारीख चार दिवसांपूर्वीची! पट्टेवाला म्हणाला बोर्ड डिस्चार्ज झालाय मावशी, म्हणजे आजच्या केसेस आज चालणारच नाहीत, पुढची तारीख लावलीय, आत विचारा. आत विचारायला तासभर उभं राहिलो. आई बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेली, उघडलासुद्धा नाही तिने.

मला एवढंच कळत नाही, तो कागद कॉम्प्युटरवरच टाईप केलेला होता ना? मग चार दिवसांत तेच साईटवर टाकायला काय झालं होतं? रजा सगळ्यांनाच लागते, साहेबांनाही लागते, त्याबद्दल तक्रार नाहीच, पण तुम्हाला चार दिवस आधी माहीत होतं आणि आम्हाला दारात येऊन कळलं. २०२३ मध्ये कोर्टं ऑनलाइन करायच्या या ई-कोर्ट्स योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने ७,२१० कोटी मंजूर केले, तरी माझ्या आईला तारीख पुढे गेली हे दाराच्या कागदावरून कळतं. वारस दाखला आपल्याकडे १८२७ च्या रेग्युलेशनखाली मिळतो, कायदा दोनशे वर्षांचा असू दे, मला चालेल, पण तारीख तरी बरोबर दाखवा ना! आमच्यासोबत अजून सात-आठ जण परत गेले, त्यातला एक रोजंदारीवरचा होता, त्याचा दिवस कोण भरून देणार?

आणि लँडलाईन. साईटवर नंबर दिलाय तर कोणीतरी उचला तो! तीन वेळा पूर्ण रिंग वाजली.

संध्याकाळी घरी येऊन परत बघितलं. साईटवर अजून आजचीच तारीख आहे. आई विचारतेय, पुढच्या वेळी निघायच्या आधी नक्की कुठे विचारायचं? काय सांगू तिला?