‘शहरात हेल्मेट कशाला?’ : मोठ्या मामांनी पाठवलेल्या मेसेजला उत्तर

हा मेसेज मला पंधरा दिवसांत चार ग्रुपांवर आला. पाचव्यांदा आमच्या मोठ्या मामांनीच पाठवला, खाली हात जोडलेले तीन इमोजी टाकून. तेव्हा म्हटलं, आता लिहावंच. मजकूर असा:

“नागपूरकरांनो, जागे व्हा! हेल्मेट म्हणजे निव्वळ वसुली. शहरात गाडी चाळीसच्या वर जातच नाही, हेल्मेट लागते ते हायवेला. ४६ डिग्रीत हेल्मेट घातले तर चक्कर येऊनच माणूस पडेल. खरे अपघात खड्ड्यांमुळे आणि दारुड्यांमुळे होतात, आधी ते बंद करा. पंचवीस वर्षांपूर्वी कोणाकडे हेल्मेट होते? आणि अपघात दिसला तर हात लावू नका, कोर्टाच्या चकरा माराव्या लागतील. जास्तीत जास्त शेअर करा.”

मी मोटार अपघात दाव्यांची वकिली करते. म्हणजे एफआयआर, स्पॉट पंचनामा, पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट आणि मृताची पगाराची स्लिप, या चार कागदांत माझा दिवस जातो. मेसेजमधलं सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. खड्ड्यांबद्दलचा राग तर माझाही आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष माणसं मारणारा आहे.

“शहरात गाडी चाळीसच्या वर जातच नाही.”

बरं, हे खरं धरू. चाळीसही नको, शून्य धरा. अॅक्टिव्हावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी चौकात उभी आहे, तोल गेला, आणि डोकं तेवढ्या उंचीवरून रस्त्यावर आलं, तर ते ताशी वीसेक किलोमीटर वेगानं आपटतं. अकरावीच्या फिजिक्सचं सूत्र आहे, घरातल्या कोणत्याही पोराकडून करून घ्या. वर आपले सिमेंट रोड. डांबर असो की सिमेंट, कवटीला काही फरक पडत नाही म्हणा.

माझ्याकडे एक प्रकार वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. नवरा गाडी चालवतोय, बायको मागे एका बाजूला पाय करून बसली आहे, मांडीवर पिशवी. कॉलनीतला स्पीड ब्रेकर, पांढरे पट्टे पुसलेले. गाडी उडते, बायको मागच्या मागे पडते. नवऱ्याला खरचटतही नाही. ती उठून बसते, पाणी पिते, “काही नाही झालं” म्हणते आणि रात्री उलट्या सुरू होतात. पीएम रिपोर्टवर ‘हेड इंजुरी’. असा एक नवरा माझ्यासमोर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, “मॅडम, गाडी वीसनं होती हो.” तो खरं बोलत होता. आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यावर हेल्मेट होतं. मागे बसणाऱ्याला हेल्मेट लागतं हे त्याला माहीतच नव्हतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालवणारा आणि मागे बसणारा असा भेद करत नाही.

म्हणजे मेसेजमध्ये गणित उलटं झालं आहे. हायवेवर शंभरच्या वेगानं ट्रकला धडकल्यावर हेल्मेट पुष्कळदा काही करू शकत नाही. हेल्मेटच्या आत जो जाड थर्माकोलसारखा थर असतो, तो चेपून धक्का खाण्यासाठी असतो, आणि तो चेपण्याजोगे धक्के शहरातलेच. जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा आहे: हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याला मार लागण्याचा धोका ६९ टक्के कमी होतो. फुटपाथवर दीडशे-दोनशेला मिळणारी ती टोपी यात धरू नका. तिच्या आत बोट दाबून बघा, नुसता स्पंज लागेल. आयएसआयचा शिक्का, आणि पट्टा लावलेला. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचतं.

आता चाळीसची गोष्ट खरी आहे का, तेही बघू. सकाळी अकराला सीताबर्डीत, आहे. रात्री दहाला रिंग रोडवर, मानेवाड्याकडून दिघोरीकडे जाताना? वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर? मामा, तुम्हीच स्वतः त्या पुलाचं कौतुक करता की एअरपोर्टला पाच मिनिटांत पोचतो. पाच मिनिटांत चाळीसनं पोचता का?

चाळीसनं चाललेली गाडी ब्रेक मारायचं सुचून थांबेपर्यंत वीसेक मीटर जाते. साठनं चाललेली पस्तीसच्या पुढे. वेग दीडपट झाला आणि धडकेतली ऊर्जा सव्वादोन पट. पायी रस्ता ओलांडणाऱ्या माणसासाठी हाच सगळा फरक आहे.

“खरे अपघात खड्ड्यांमुळे होतात.”

इथे जरा थांबते, कारण हा मुद्दा मेसेजमधला सगळ्यात वजनदार आहे आणि सगळ्यात जास्त फसवणारा.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,६८,४९१ मृत्यू आहेत. त्यातले खड्ड्यांमुळे नोंदलेले १,८५६. शंभरात एक. मी स्वतः हा आकडा कमी मानते, कारण पंचनाम्यात खड्डा यावा अशी कोणाचीच इच्छा नसते. खड्डा आला की रस्ता कोणाचा हा प्रश्न येतो, महापालिका, सुधार प्रन्यास, पीडब्ल्यूडी की हायवेवाले. त्यापेक्षा ‘वाहन स्लिप झाले’ लिहिणं सोपं. तर आकडा पाचपट करा. दहापट करा. तरी उरलेले नव्वद टक्के कुठे मेले?

सरळ रस्त्यावर. त्याच अहवालानुसार सुमारे ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यांवर झाले, बहुतेक स्वच्छ हवेत. वळण नाही, घाट नाही, पाऊस नाही.

आणखी दोन आकडे शेजारी ठेवते. २०१० साली देशात जवळपास ५ लाख अपघात आणि १,३४,५१३ मृत्यू. २०२२ साली अपघात ४,६१,३१२, म्हणजे कमी, आणि मृत्यू चौतीस हजारांनी जास्त. दर शंभर अपघातांमागे २७ माणसं मरत होती, आता ३६-३७. किरकोळ अपघात कोणी पोलिसांत नेत नाही हे धरूनही कल लपत नाही. २०२० तर बघाच. लॉकडाऊनमुळे रस्ते ओस, अपघात ८० हजारांहून जास्त कमी झाले, पण दर शंभर अपघातांमागचे मृत्यू मात्र वाढले. रिकामा, गुळगुळीत, रुंद रस्ता आणि खाली दाबलेला अॅक्सिलरेटर. खड्ड्यात माणूस हळू पडतो. चांगल्या रस्त्यावर जोरात आपटतो.

नागपुरात हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. डांबरी रस्ता सिमेंटचा झाला, गाड्या सुसाट झाल्या. पण रस्ता उंच झाला, बाजूची पट्टी खाली राहिली. तिथं गट्टू (सिमेंटचे ठोकळे) बसवले, ते पहिल्या पावसात दबले, आणि सिमेंटची कडा चार-सहा इंच उघडी पडली. दुचाकीवाल्याला मागून ट्रकनं हॉर्न दिला की तो डावीकडे सरकतो, चाक त्या कडेवरून घसरतं, आणि तो उजवीकडे पडतो. ट्रकच्या बाजूला. याला खड्डा म्हणणार का? मी म्हणत नाही. याला रस्ता बांधताना पायी आणि दुचाकीवरचा माणूस विसरणं म्हणतात. २०२२ मध्ये मेलेल्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवर होते आणि ३२,८२५ पायी. दोन्ही मिळून दोनतृतीयांशाच्या आसपास.

रस्तेवाल्यांना मोकळं सोडा असं मी म्हणत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल निकषांप्रमाणे न केल्यानं मृत्यू वा अपंगत्व आलं, तर ठेकेदार, सल्लागार किंवा संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलं. ज्यांना खड्ड्यांचा राग आहे त्यांनी हे फॉरवर्ड करावं. अपघात झाला की त्या जागेचा फोटो काढा, टेपनं खोली मोजून काढा, कारण दुसऱ्या दिवशी तो खड्डा बुजलेला असतो. त्या बाबतीत आपली यंत्रणा फार तत्पर आहे.

आणि ब्लॅक स्पॉटची व्याख्या ऐकाल तर खड्डे विसराल. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले की ती जागा ब्लॅक स्पॉट. म्हणजे तिरड्या उठल्यावर फाइल हलायची. मरण्याआधीच जागा ओळखायचा एक प्रयत्न आपल्याच गावात झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आय-रास्ते’ प्रकल्प सुरू झाला, महापालिकेच्या बसमध्ये पुढचं बघणारे कॅमेरे बसले, आणि जिथे ड्रायव्हरला वारंवार धोक्याचा इशारा मिळतो त्या जागा ‘ग्रे स्पॉट’ म्हणून नोंदल्या जाऊ लागल्या. आपल्या ग्रुपवर यावर एक मेसेज आला नाही.

“दारुड्यांमुळे.”

२०२२ च्या अहवालात दारू वा नशेच्या नावावर ४,२०१ मृत्यू. अडीच टक्के. हाही कमी नोंदला जातो, मान्य. पण दारुडा हा आपल्याला सोयीचा आरोपी आहे. तो म्हणजे नेहमी दुसराच कोणी.

मी ‘अतिवेगामुळे ७१ टक्के मृत्यू’ हा अहवालातला आकडा मुद्दाम वर वापरला नाही. कारण तो कसा तयार होतो हे मला माहीत आहे. प्रत्येक एफआयआरमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं: ‘भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून’. आधी त्याखाली भारतीय दंड संहितेचं कलम २७९ आणि ३०४-अ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २८१ आणि १०६. कलम बदललं, वाक्य तेच. वेग कोणी मोजलेला नसतो. म्हणून मी वेगाचा मुद्दा पोलिसांच्या रकान्यातून न काढता ब्रेकच्या अंतरातून काढला.

“४६ डिग्रीत चक्कर येते.”

मे महिन्यात दुपारी दोन वाजता शंकरनगर चौकात उभं राहून बघा. प्रत्येक मुलीचं डोकं, कान, नाक, तोंड दुपट्ट्यात करकचून बांधलेलं, वर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. पुरुषांच्या डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा. नागपुरात उघड्या डोक्यानं उन्हात जायची पद्धतच नाही! डोकं झाकल्यानं ऊन लागत नाही हे आपल्या आजीनं सांगितलेलं शास्त्र आहे, ते फक्त हेल्मेट दिसलं की उलटं होतं. उकडतं, घाम येतो, केस चिकट होतात, हे सगळं खरं. मीही आत सुती रुमाल बांधते आणि दर रविवारी अस्तर धुते. ऐकू येत नाही ही तक्रार मात्र कानात ब्लूटूथ घालणाऱ्यांकडून ऐकायची माझी तयारी नाही.

“पंचवीस वर्षांपूर्वी कोणाकडे हेल्मेट होते?”

पंचवीस वर्षांपूर्वी मामांकडे लुना होती. चढावर पायडल मारावं लागायचं.

“निव्वळ वसुली.”

झाडाआड लपून, चौक संपल्यावर पकडणारे शिपाई मलाही आवडत नाहीत. पण मूळ कायद्यात दंड हजाराचा आहे, आणि लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं. खरी वसुली नंतर असते. दाव्यात विमा कंपनीच्या वकिलाचा पहिला प्रश्न: “मयताने हेल्मेट घातले होते का?” सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलं की नुसतं ट्रिपल सीट होते म्हणून मृताची चूक ठरत नाही, त्या उल्लंघनाचा अपघाताशी किंवा झालेल्या इजेशी संबंध दाखवावा लागतो. ट्रिपल सीटच्या प्रकरणात त्या निकालानं आम्ही लढतो. पण पीएम रिपोर्टवर ‘हेड इंजुरी’ आणि डोक्यावर काही नाही, तिथं हाच निकाल समोरचा वकील माझ्याविरुद्ध वाचतो.

“अपघात दिसला तर हात लावू नका.”

हे वाक्य वाचून मी खरोखर चिडले. बाकीचं अज्ञान म्हणून सोडता येईल, हे नाही. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांसाठीचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीत ते कलम १३४-अ म्हणून कायद्यातच आले. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही. त्याला पैसे भरायला लावता येत नाहीत, थांबवून ठेवता येत नाही, त्याच्या इच्छेविरुद्ध साक्षीदार करता येत नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार होतात, त्यामुळे “आधी डिपॉझिट भरा”ची भीतीही नको. माझ्या इतक्या वर्षांच्या फायलींत मदत करणारा माणूस आरोपी झालेला मी पाहिलेला नाही. मदत उशिरा पोचली म्हणून गेलेले मात्र मोजता येत नाहीत.

तर मामा, १०८ ला फोन लावा. मागून येणाऱ्या गाड्या अडवायला एका पोराला हात दाखवत उभं करा. रक्त वाहत असेल तिथं तुमचा तो दुपट्टा घडी करून दाबून धरा. पाणी पाजू नका. आणि पडलेल्याच्या डोक्यावर हेल्मेट असेल, श्वास चालू असेल, तर ते ओढून काढू नका. मान हलते. फक्त काच वर करा.