मागूर जिवंत आहे म्हणून गोदावरी चांगली, असं होत नाही

आपल्या नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांनी पुढे पाठवलाय. त्याचं म्हणणं असं की गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डीच्या काळ्या पाण्यातही मागूर मासा मस्त जगतो, म्हणजे प्रदूषणाची बोंब खोटी, या माशाला काही होत नाही, उलट तो घाण खाऊन नदी साफ करतो, आणि नीट शिजवला की बिनधास्त खा.

पहिलं, जगतो कसा ते बघा. मागूरला कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घ्यायचा वेगळा अवयव असतो, म्हणून तो वर येऊन हवा गिळतो. ड्रेनेजच्या पाण्यात ऑक्सिजन संपला की रोहू-कटला मरतात आणि हा टिकतो, बस एवढंच त्याच्या जगण्यावरून कळतं. पाण्यात विष आहे की नाही ते त्यावरून अजिबात कळत नाही, आणि जिथे फक्त मागूरच उरलाय तिथे बाकीचे मासे कुठे गेले हे आधी विचारा ना.

दुसरं, "काही होत नाही" हे तर साफ चुकीचं. मागूरला खवले नसतात, अंगावर फक्त तो बुळबुळीत थर, आणि साबण-डिटर्जंटच्या पाण्याने तोच जातो, मिश्यांवरच्या चव कळणाऱ्या पेशी खराब होतात, मग गढूळ पाण्यात खाणं शोधायचं कसं त्याने? सांडपाण्यातल्या अमोनियाने कल्ले सुजतात, नायट्राइट वाढलं की रक्त तपकिरी पडतं आणि ऑक्सिजन वाहूनच नेत नाही, म्हणजे हवा गिळूनही उपयोग नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत प्लेटिंगची, म्हणजे धातूवर मुलामा चढवायची कामं चालतात, त्यात क्रोमियम, निकेल वापरतात, आणि खाली निफाडकडे द्राक्षबागांत मोरचूद (यात तांबं असतं) आणि कीटकनाशकं मारतात, ती पावसाने वाहून आली की तांब्याने कल्ले आणि वास घ्यायची ताकद जाते, ऑर्गनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकांनी मज्जातंतूंवर परिणाम होतो, लिव्हरच्या पेशी मरतात. मासा पोहताना दिसतो पण आतून पोखरलेला असतो. अमेरिकेत ओहायोच्या ब्लॅक रिव्हरमध्ये तळाशी राहणाऱ्या अशाच मिशीवाल्या बुलहेड माशांना लिव्हरचा कॅन्सर होत होता, 1983 ला तिथला कोक प्लांट (कोळशापासून कोक बनवणारा कारखाना) बंद झाला आणि पुढच्या काही वर्षांत कॅन्सरचं प्रमाण खूप उतरलं. तेच मासे, तीच नदी, फक्त विष यायचं थांबलं.

नदी साफ करतो म्हणे. शिळंपाकं, किडे, मेलेले जीव खातो हे खरं, पण जड धातू पचत नाहीत, ते लिव्हर-किडनीत साठतात आणि मासा मेला की परत गाळात.

आता खाण्याचं. शिजवल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. लिव्हर आणि कल्ले काढून टाकले तर कॅडमियम हा जड धातू थोडा कमी होईल, पण पारा मांसातच बसलेला असतो, तो कितीही तळा, रस्सा करा, तसाच राहतो. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना याचा त्रास जास्त.

त्यामुळे मासा घेताना विकणाऱ्या ताईंना-दादांना एवढं विचारा की कुठून आणला, शहराच्या वरच्या अंगाच्या गंगापूर धरणातला का टाकळीला नासर्डी मिळते तिथला, आणि टाकळीचा असेल तर नका घेऊ.