सात गोळ्या जास्त

अभिनंदन! टेक्ससच्या फोर्ट हूड या अमेरिकी लष्करी तळावरून तुमची बदली न्यू जर्सीच्या मॅग्वायर-डिक्स-लेकहर्स्ट तळावर झाली. (फोर्ट हूडचं नाव २०२३ मध्ये बदललं आणि २०२५ मध्ये पुन्हा हूडच झालं. राज्यांचे कायदे इतक्या लवकर माघारी फिरत नाहीत.) हातात पीसीएसचा, म्हणजे कायम बदलीचा, हुकूम आहे, सामानाचा ट्रक सरकार देतंय. कपाटात तुमच्या पैशाची तीन खेळणी आहेत: सतरा गोळ्यांच्या मॅगझिनचं पिस्तूल, एक एआर-१५ रायफल आणि एक सायलेन्सर. सरकारने ज्याच्या हाती रणगाडा सोपवला, त्याला या तीन वस्तूंबद्दल कोण विचारणार, असं तुमच्या मनात आलंच असेल. तो विचार जपून ठेवा. पुढचा सगळा सल्ला त्याच पायावर उभा आहे.

न्यू जर्सीच्या कायद्यात सैनिकांना सवलत आहे, हे खरंच. कर्तव्यावर असताना, किंवा एका नेमणुकीवरून दुसरीकडे जाताना, लष्कराने सांगितलेल्या पद्धतीने बाळगलेल्या अधिकृत शस्त्रांना ती लागू होते. तुम्ही मात्र ‘सैनिकांना सवलत आहे’ इथेच वाचन थांबवा. वाक्य पुरं वाचलं की दुकानातून घेतलेलं पिस्तूल त्यातून गळून पडतं, आणि बदलीच्या धावपळीत मनाला त्रास कशाला?

आता मोजमापं. तुमच्या सरकारी एम-४ रायफलची नळी साडेचौदा इंचांची आणि मॅगझिन तीस गोळ्यांचं. घरच्या रायफलला तशीच आखूड नळी हौसेने बसवून घ्या. नळी सोळा इंचांच्या खाली गेली की रायफल १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टमध्ये जाते. मग तिची नोंदणी लागते, आणि राज्याची सीमा ओलांडण्याआधी एटीएफ या संघराज्याच्या शस्त्र-नियंत्रण खात्याकडे फॉर्म ५३२०.२० पाठवून मंजुरी हातात यावी लागते. ‘आधी’ हा शब्द डोळ्याआड करायला सोपा आहे. सायलेन्सरला मात्र हा फॉर्म लागत नाही! हे वाचून आनंदाने तो बॅगेत टाका. न्यू जर्सीत खाजगी माणसाला सायलेन्सर बाळगताच येत नाही, पण ते एटीएफच्या फॉर्मवर थोडंच छापलेलं असतं?

एआर-१५ चीही तीच गत. कोल्ट एआर-१५ चं नाव न्यू जर्सीने १९९० च्या बंदी-यादीतच घातलंय. पिस्तूल नेता येईल, पण त्याचं मॅगझिन नाही. २०१८ पासून तिथे कमाल मर्यादा दहा. म्हणजे तुमच्या सात गोळ्या जास्त, आणि रिकामं मॅगझिनसुद्धा गुन्हाच, कारण कायदा गोळ्या मोजत नाही, डबीत किती मावतात ते मोजतो. शहाणी माणसं अशा वस्तू टेक्ससमध्येच कुलपात ठेवून जातात, नाहीतर परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकतात. तुम्ही एआर-१५ ओक्लाहोमाहून भेटायला आलेल्या भावाला पेट्रोल पंपावर देऊन टाका. भाऊ सख्खा असला तरी दोन राज्यांतल्या माणसांनी बंदूक अशी परस्पर देऊन टाकणं हा संघराज्याचा गुन्हा आहे, मध्ये परवानाधारक विक्रेता लागतोच. पण रक्ताच्या नात्यात कागद आणायचे नसतात.

सामान बांधताना पॅकर येईल आणि प्रत्येक बंदुकीची कंपनी, मॉडेल, कॅलिबर आणि सीरियल नंबर यादीत लिहू लागेल. त्याला चहा द्या आणि ‘किरकोळ लोखंडी सामान’ असं लिहून घ्या. ट्रकमधून बंदूक गायब झाली की क्लेम कशाचा करायचा, ते किरकोळ लोखंडी सामानच ठरवेल. काडतुसं ट्रकमध्ये चालत नाहीत. म्हणून ती स्वयंपाकघराच्या खोक्यात, कुकरच्या तळाशी.

प्रवासाबद्दल १९८६ चा एक कायदा सगळ्यांना तोंडपाठ असतो: बंदूक रिकामी आणि हाताला लागणार नाही अशी ठेवा, मग मधल्या राज्यांना काही बोलता येत नाही. डिकी वेगळी नसलेल्या गाडीत, म्हणजे तुमच्या एसयूव्हीत, ती कुलूपबंद पेटीत हवी. त्या कलमात खास लिहिलंय की डॅशबोर्डचा कप्पा आणि दोन सीटमधला कप्पा ही पेटी नव्हे. तुम्ही डॅशबोर्डचाच कप्पा निवडा, त्याला कुलूपही असतं. आणि हो, हे संरक्षण जिथून निघालात आणि जिथे पोहोचणार, दोन्हीकडे ती बंदूक बाळगणं कायदेशीर असेल तरच मिळतं. बंदी असलेली एआर-१५ न्यू जर्सीलाच नेत असाल तर टेनेसीपासून मेरीलँडपर्यंतच्या पोलिसांना ते कलम वाचून दाखवण्यात अर्थ नाही. तरी वाचून दाखवा, आवाज चांगला असेल तर.

मधली रात्र मॉटेलात काढताना पेटी खोलीत आणा, चोरीची भीती असते. २००५ मध्ये युटाहून निघालेल्या एका प्रवाशाचं न्यू जर्सीच्या नेवार्क विमानतळावर पुढचं विमान चुकलं. चेक-इन केलेली बॅग त्याच्या हातात आली, त्याने ती रात्री हॉटेलात नेली आणि सकाळी काउंटरवर प्रामाणिकपणे सांगितलं की आत पिस्तूल आहे. त्याला अटक झाली, कोठडीही झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले. त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला तेव्हा २०१० मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला की रात्रभर बंदूक हाताशी होती, त्यामुळे ते कलम लागू नाही. सांगायचं तात्पर्य असं की हॉटेलची खोली चांगली बघून घ्या.

पोहोचल्यावर नवं पिस्तूल घ्यायचं असेल तर एक गंमत आहे. टेक्ससला राज्याचा आयकर नाही, म्हणून तुमचं ड्रायव्हिंग लायसन्स आणि मतदान तिथलंच राहिलंय. संघराज्याचा बंदूक-कायदा मात्र कायम नेमणूक जिथे, तिथला रहिवासी मानतो. तेव्हा बंदूक-खरेदीच्या फॉर्म ४४७३ सोबत लष्करी ओळखपत्र आणि पीसीएसचा हुकूम घेऊन न्यू जर्सीतल्या दुकानात जा. शिवाय राज्याचा स्वतंत्र खरेदी परवाना, प्रत्येक पिस्तुलाला एक. हुकूम घरी विसरा आणि तीन महिन्यांच्या टीडीवायचं (तात्पुरत्या ड्यूटीचं) पत्र पुढे करा. तात्पुरत्या ड्यूटीने माणूस रहिवासी होत नाही, हे दुकानदाराने समजावलं की मॅनेजरला बोलवा.

आणि टेक्ससमध्ये २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल कमरेला लावून फिरण्याची सवय तशीच चालू ठेवा. न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याही राज्याचा परवाना मानत नाही. परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं हा तिथे दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे, शिक्षा पाच ते दहा वर्षं. पेन्शनला तेवढीच वर्षं उरली असतील तर सोयीचंच.

तळाच्या फाटकावर कोणाला काही सांगू नका. तिथे खाजगी शस्त्रांची नोंद करावी लागते. बरॅकमध्ये राहणाऱ्याचं शस्त्र युनिटच्या आर्म्स रूममध्ये जातं आणि शनिवारी रेंजला जायचं म्हटलं की ती खोली सांभाळणाऱ्या आर्मोररच्या फोनची वाट बघावी लागते. नवीन कमांडर डीडी फॉर्म २७६० भरायला सांगेल. कौटुंबिक हिंसाचाराची शिक्षा झाली आहे का, हे त्यात विचारतात. तशी किरकोळ म्हणून विसरलेली शिक्षा नावावर असेल, तर अशा माणसाला बंदूक नाकारणाऱ्या १९९६ च्या लॉटेनबर्ग दुरुस्तीने सरकारी रायफलही हातातून जाते. तिला सैनिक-पोलीस असा अपवाद नाही. म्हणून तो फॉर्म घाईत भरा.

एवढं पार पडलं की दोन-तीन वर्षांत हवाई राज्यात बदली येते. तिथे माणूस किंवा बंदूक, जे उशिरा उतरेल तिथून पाच दिवसांत काउंटीच्या पोलीस प्रमुखाकडे नोंदणी. त्या पाचात शनिवार-रविवार धरायचे की नाही, एवढं विचारायला सहाव्या दिवशी जा.