जमीनदाराचा वाडा जपायचा कशाला?

पाल्म्सेच्या वाड्याचे फोटो टाकल्यावर एका मित्राने टोकलं, "भूदासांच्या घामावर उभा राहिलेला वाडा, त्याचं कौतुक कसलं?" भूदास म्हणजे जमिनीला जखडलेले, मालकाच्या हुकमातले शेतकरी. प्रश्न रास्त आहे. उत्तर लांबलं, म्हणून वेगळी पोस्ट.

पाल्म्से एस्टोनियात आहे, टालिनच्या पूर्वेला साधारण ८० किलोमीटरवर. १६७७ ते १९२३ वाडा फॉन देर पालेन या जर्मन सरदार घराण्याकडे होता. राज्य आधी स्वीडनचं, मग रशियाचं. राबणारे मात्र कायम एस्टोनियन. त्यांच्या भाषेत मालकाला 'साक्स' म्हणतात आणि जर्मन माणसाला 'साक्सलाने'. आता बोला!

खरं सांगू, वाड्यापेक्षा मला बागच जास्त खटकली. आणि आवडलीही तीच. तळी, काठावरचा पांढरा मंडप, मागे दाट झाडी. या धाटणीच्या बागेची सगळी करामत कष्ट लपवण्यात असते. तळं माणसांनी खोदायचं, पण ते आपसूक साचलंय असं वाटलं पाहिजे. खोदणाऱ्यांची नावं तिथे शोधून उपयोग नाही. साध्या एस्टोनियन शेतकऱ्यांना आडनावं मिळाली तीच १८१६ मध्ये भूदासगिरी संपल्यानंतर. जमीन तेव्हाही मालकाकडेच राहिली, त्यामुळे सुटलेला माणूस त्याच शेतात राबून खंड फेडत बसला. धान्याची दारू गाळून सेंट पीटर्सबर्गला विकणं हा इथल्या जमीनदारांचा मोठा धंदा. पाल्म्सेतल्या भट्टीच्या इमारतीत पुढे हॉटेल झालं.

तेव्हा राग होताच. १९०५ मध्ये, रशियन साम्राज्यातल्या क्रांतीच्या वेळी, लोकांनी असे कितीतरी वाडे पेटवले. पण स्वतंत्र एस्टोनियाच्या १९१९ च्या कायद्याने जमिनी काढून घेतल्यावर त्याच लोकांनी उरलेल्या अनेक वाड्यांत शाळा भरवल्या. जिथे आजोबा टोपी काढून उभे राहिले, तिथे नातू बाकावर बसून पाढे म्हणू लागला. माझ्या लेखी जाळण्यापेक्षा हा सूड जास्त झणझणीत आहे.

पाल्म्सेत सोव्हिएत काळात मुलांची पायोनियर (कम्युनिस्ट बालसंघटनेची) शिबिरं भरायची. १९७१ मध्ये भोवती लाहेमा राष्ट्रीय उद्यान झालं, सोव्हिएत संघातलं पहिलं, आणि पुढे वाड्याची डागडुजीही झाली. कम्युनिस्ट राजवटीत सरदाराच्या घराला रंग!

तेव्हा मित्रा, कौतुक पालेनांचं नाही. पुढच्या वेळी तूही चल. दिवाणखाना पाच मिनिटांत उरकू आणि तळ्याकाठी बसू.