कटाना चिलखत कापत नाही

‘जपानी सामुराई योद्ध्याची कटाना तलवार युरोपीय नाइटचं (घोडेस्वार योद्ध्याचं) चिलखत कापते आणि पडलेला नाइट उठूच शकत नाही’ हा संदेश सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पंधराव्या शतकातलं पूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोचं, तेही अंगभर विभागलेलं. फ्रेंच सेनानी बुसिको चिलखतात कोलांटउड्या मारायचा, असं त्याच्या चरित्रातच लिहिलंय. अशा चिलखतांच्या हुबेहूब प्रतिकृती घालून लोक आजही धावून दाखवतात. पोलादी पत्रा तलवारीने कापला जात नाही. म्हणून नाइटही हातोडा वापरत, किंवा सांध्यांच्या फटीत कट्यार खुपसत. सामुराईंचा रणातला भर तरी कुठे तलवारीवर होता? आधी धनुष्य, पुढे भाला. आणि जपानचा लष्करी शासक तोकुगावा इएयासु याने तर स्वतःच युरोपीय धाटणीचं चिलखत बाळगलं होतं!

जिंकणार कोण, सामुराई की नाइट, यावर खुशाल वाद घाला. तो संदेश मात्र पुढे पाठवू नका.