‘कॅलिफोर्निया बघा’ म्हणता, तर नीट बघा

गांजावरची बंदी उठवून त्यावर कर बसवावा असं कुणी म्हटलं की एक उत्तर ठरलेलं असतं. व्हॉट्सॲपवर ते सतत फिरतं: ‘कॅलिफोर्नियाने हे करून पाहिलं, चोरटा बाजार आहे तिथेच आहे. टोळ्या गांजा सोडून दुसरा माल विकतात. सरकारच्या हाती चिल्लर येते. आणि भारतात तर असलं कधीच नव्हतं.’ यातलं पहिलं विधान बऱ्याच अंशी खरं आहे, म्हणून बाकीचीही लोकांना पटतात. एकेक घेऊ.

‘कर लावला तरी चोरटा बाजार उरतो.’

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून प्रौढांसाठी विक्री सुरू झाली. तिथे कर एक नव्हता, त्याचे थर होते. शेतातून माल निघतानाच सुक्या फुलाच्या दर औंसाला ९.२५ डॉलर. दुकानात १५ टक्के अबकारी. मग विक्रीकर, आणि तोही अबकारी धरून आलेल्या रकमेवर, म्हणजे करावर कर. वर बऱ्याच शहरांचा स्वतःचा वेगळा कर.

यात सगळ्यात घातक होता तो वजनावरचा कर. महागाईप्रमाणे वाढत २०२२ मध्ये तो औंसाला १०.०८ डॉलर झाला, म्हणजे पौंडाला साधारण १६१ डॉलर. घाऊक भाव पौंडाला १,००० डॉलर असेल तर हा १६ टक्के होतो. भाव ५०० वर आला की तोच ३२ टक्के. पीक वाढलं, भाव पडले, आणि परवानाधारक शेतकऱ्याचं कंबरडं मोडलं. चोरून पिकवणाऱ्याला ना हा कर, ना प्रयोगशाळेतल्या तपासणीचा खर्च. त्यामुळे दोन्ही मालांच्या किमतीत जेवढी दरी पडली, तेवढा नफा त्याच्या पदरात पडला. अखेर १ जुलै २०२२ पासून राज्याने हा कर काढून टाकला.

दुसरं कारण साधं आहे. राज्यातल्या निम्म्याहून जास्त शहरांनी आणि काउंट्यांनी (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी) आपल्या हद्दीत दुकानं उघडूच दिली नाहीत. तिथल्या गिऱ्हाइकाचा जुना विक्रेता मात्र जागेवरच होता.

याच्या शेजारी कॅनडातला ऑन्टारियो प्रांत ठेवून पाहा. १७ ऑक्टोबर २०१८ ला देशभर विक्री कायदेशीर झाली, तेव्हा ऑन्टारियोत फक्त सरकारी ऑनलाइन दुकान होतं. रस्त्यावरची पहिली दुकानं १ एप्रिल २०१९ ला उघडली, तीही सोडत काढून दिलेल्या २५ परवान्यांची. तोवर चोरटा बाजार मजेत चालला होता. पुढे दुकानांची संख्या हजारावर गेली, भाव उतरले आणि गिऱ्हाईक वळलं. २०२३ पर्यंत कॅनडाच्या सरकारी पाहणीत दहातले सुमारे सात ग्राहक फक्त कायदेशीर माल घेत असल्याचं सांगत होते.

चूक कॅनडानेही केली. ग्रॅमला १ डॉलर किंवा १० टक्के, यातला जो जास्त तो कर, असा नियम ठेवला. हे गणित ग्रॅमला १० डॉलर भाव धरून मांडलेलं होतं. भाव त्याच्या कितीतरी खाली गेला, डॉलर मात्र तोच राहिला, आणि उत्पादकांकडे कराची थकबाकी साचली. वजनावर ठोक कर बसवू नये, बसवलाच तर भावाबरोबर तो उतरण्याची सोय ठेवावी, हा धडा दोन्ही ठिकाणी सारखाच मिळतो.

‘टोळ्या दुसरा माल विकतील.’

विकतातच. मेक्सिकोच्या टोळ्यांनी मेथ आणि फेंटानिल या रासायनिक नशांचा धंदा वाढवला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण म्हणून गांजातला पैसा त्यांच्याकडेच राहू द्यायचा का? अमेरिकेच्या सीमा गस्ती दलाने २०१३ या आर्थिक वर्षात सुमारे २४ लाख पौंड गांजा पकडला होता, २०१८ मध्ये तो ५ लाखांच्या आत आला. इथे नियमनाच्या समर्थकांनाही टोकायला हवं. ‘टोळ्यांचं ६० टक्के उत्पन्न गांजातून येतं’ हा त्यांचा लाडका आकडा टिकत नाही. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने २०१० मध्ये या टोळ्यांच्या अमली पदार्थांच्या निर्यातीतला गांजाचा वाटा १५ ते २६ टक्के, म्हणजे दीड ते दोन अब्ज डॉलर काढला होता. टोळी त्याने मरत नाही, पण हा घाव लहानही नाही.

‘सरकारला चिल्लर मिळते.’

कोलोरॅडोला २०२१ मध्ये गांजावरच्या करांतून ४२ कोटी डॉलरवर मिळाले, त्यातला ठरावीक भाग शाळांच्या इमारतींसाठी होता. मात्र २०२३ मध्ये आकडा २८ कोटींच्या खाली आला. त्यामुळे या पैशावर कायमचे पगार बांधू नयेत, एवढं खरं. पण बंदीत हाच पैसा विक्रेत्याकडे जातो, आणि तो गिऱ्हाइकाचं वय विचारत नाही.

‘भारतात असलं कधीच नव्हतं.’

हे तर सरळ खोटं आहे. १९८५ पर्यंत कित्येक राज्यांत गांजाची परवाना असलेली दुकानं होती. बंगालात नौगाव आणि मध्य प्रांतात खांडवा इथे सरकारी देखरेखीखाली गांजा पिकत असे, आणि त्यावर कर भरला जाई. १८९३–९४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भारतीय हेंप ड्रग्ज (गांजा-भांग-चरस) आयोगाने हजाराहून अधिक साक्षी नोंदवून सरसकट बंदी अनावश्यक ठरवली. बंदी घातली तर लोक याहून घातक नशेकडे वळतील, ही भीतीही त्यात मांडलेली आहे. आयोगाने सुचवलं ते असं: लागवड परवान्यानेच आणि ठरावीक जागी व्हावी, दुकानांची संख्या मर्यादित असावी, पुरेसा कर असावा, आणि एका माणसाजवळ ५ तोळ्यांहून जास्त गांजा नसावा.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याने फुलं (म्हणजे गांजा) आणि राळ (म्हणजे चरस) गुन्ह्यात घातली, पानं बाहेर ठेवली. म्हणून काही राज्यांत भांगेचे सरकारी ठेके आजही चालतात. त्याच झाडाच्या फुलासाठी २० किलोहून जास्त माल सापडला तर किमान १० वर्षं सक्तमजुरी. ओडिशा-आंध्रच्या डोंगरातून निघालेला माल घेऊन महाराष्ट्रात पकडला जातो तो बहुतेकदा रोजंदारीवरचा वाहक. ज्याच्या पैशावर माल निघतो, तो त्या गाडीत बसलेला नसतो.